लग्नाला नाही म्हणणं वेगळं, घरी सांगणं वेगळं

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

चोवीस वर्षांचा तरुण. खानापूर तालुक्यातलं गाव, मराठी शाळा, मग आयटीआय. बेळगावच्या उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर काम करतो, रोज बाईकनं ये-जा. आपल्याला मुलींचं नाही, मुलांचं आकर्षण वाटतं हे त्याला आठवीपासून ठाऊक आहे. आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. काही महिन्यांपासून झोप उडालीय. रात्री दोन-अडीचला छाती धडधडून जाग येते. ईसीजी नॉर्मल आला, डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. आता झोप यावी म्हणून रोज थोडी दारू घेतो. घरात लग्नाची घाई आहे. चंदगडकडचं स्थळ आलंय, रविवारी मुलगी बघायला जायचं ठरलंय. आई म्हणते, "बघून तर ये की रे, बघायला काय पैसे पडत्यात?" लहानपणी त्याच्या चालण्यावरून कुणीतरी चारचौघांत म्हणालं होतं, "ह्याला सौंदत्तीला सोडा." सौंदत्तीला, म्हणजे यल्लम्मा देवीला वाहायला. ते त्याच्या डोक्यातून अजून जात नाही. तो विचारतो: लग्न केलं तर हे बदलेल का? की घरी सगळं सांगून टाकू? की कुणाला न सांगता बंगळूरला निघून जाऊ? आणि मध्येच एक ओळ: "कधी कधी वाटतं, सकाळ होऊच नये."

मित्रा,

त्या एका ओळीचं आधी बोलू. सकाळ होऊ नये असं वाटण्यात दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. उद्याचा दिवस ओढायची ताकद नाही, कामावरची मस्करी नको, रविवार उजाडायलाच नको, हा थकवा एक. जीव संपवावा असं वाटणं, हे दुसरं. तुझ्या मनात यातलं काय आहे हे पत्रावरून मला कळत नाही, म्हणून सरळ विचारते: मरून जावं असं मनात येतं का? कसं, कधी, इथपर्यंत विचार गेलाय का? असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही. उलट विचारणारं कुणी भेटलं की माणूस बोलायला लागतो. उत्तर 'हो' असेल तर पुढचं वाचणं राहू दे आणि १४४१६ ला फोन लाव. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, बोलायची भाषा निवडता येते आणि त्यात मराठी आहे. त्या रात्री एकटा राहू नकोस. "मला आज बरं वाटेना, सोबत थांब," एवढं मित्राला म्हणायला कारण द्यावं लागत नाही. आणि पोलिसांच्या भीतीनं कुणी गप्प बसत असेल तर त्याच्यासाठी: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरतात. त्याला शिक्षा करायची नसते, त्याची काळजी घ्यायची जबाबदारी सरकारवर आहे.

आता तुझा पहिला प्रश्न. लग्न केलं तर हे बदलेल का? नाही बदलणार. काही जणांना दोघांचंही आकर्षण असतं, त्यांची गोष्ट वेगळी. पण तू स्वतःबद्दल जे लिहिलंयस त्यात मला कुठं संभ्रम दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता १९९० मध्येच आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं, २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर सांगितलं. जो आजारच नाही त्यावर लग्न हा उपाय कसा होईल? अशा लग्नांतल्या बायका माझ्याशी बोलतात तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: "माझ्यातच काय कमी आहे?" वर्षानुवर्षं त्या स्वतःलाच दोष देत राहतात, कारण खरं कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. चंदगडच्या त्या मुलीला तू अजून पाहिलेलंही नाहीस. तिच्या बाजूनं बोलायला या घडीला तुझ्याशिवाय कुणी नाही.

पण तुझ्या पत्रात याहून खोल रुतलेलं एक गृहीत आहे आणि मला त्यावर जास्त बोलायचंय. तू लिहितोस, "मी असा असल्यामुळं मला हा सगळा त्रास होतोय." खरंच असं आहे का? तूच पुढं लिहिलेलं बघ. वर्कशॉपच्या गेटवर बाईकवरून उतरायच्या आधी तू मनात ठरवतोस की आज चालायचं कसं. हात किती हलवायचे, आवाज कुठं ठेवायचा. जेवणाच्या सुट्टीत ग्रुपवर कुणी मुलीचा फोटो टाकला की तू थोडा वेळ थांबतोस, दोघातिघांचं लिहून झालं की मग आपणही काहीतरी टाकतोस, फार लवकरही नाही आणि फार उशिराही नाही. मोबाईल कायम उलटा ठेवतोस. बहिणीनं सहज विचारलं, "कुणी आवडते काय रे?" तर तू एक नाव बनवून सांगितलंस, आणि आता ते नाव, तिची गल्ली, तिचं कॉलेज हे सगळं लक्षात ठेवत बसलायस.

हे सगळं रोज, जागेपणीचा प्रत्येक तास. तू जसा आहेस त्यानं झोप उडत नाही. झोप उडते ती या पहाऱ्यानं. इलान मायर नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९९५ मध्ये आणि पुढं २००३ मध्ये हे नीट मांडलं. समलिंगी लोकांमध्ये चिंता, उदासी, आत्महत्येचे विचार जास्त दिसतात ते त्यांच्या आकर्षणामुळं नव्हे, तर त्याभोवती साचलेल्या ताणामुळं: प्रत्यक्ष झालेला अपमान, पुढं होईल म्हणून सतत बाळगलेली धास्ती, लपवण्याचे कष्ट, आणि लोक बोलतात तेच हळूहळू स्वतःबद्दल खरं वाटायला लागणं. आपली माणसं सोबत असली की हाच ताण पुष्कळ हलका होतो, हेही त्याच मांडणीत आहे.

बेळगावातल्या मराठी पोराला हा पहारा समजावून सांगावा लागू नये. सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी तोंड उघडायच्या आधी आपण अंदाज घेतोच, कन्नडमध्ये बोलावं, हिंदीत की मराठीत. एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, बसमध्ये फोन आला की आपला आवाज आपोआप खाली येतो. तो ताण आपल्या हाडीमाशी आहे. मात्र घरी येऊन चप्पल काढली की तो संपतो. आई मराठी, गल्ली मराठी, गणपतीचं मंडळ मराठी. बाहेर कसं वागायचं हे वडिलांनीच शिकवलेलं असतं आणि बाहेर काही झालं तर अख्खं घर आपल्या बाजूनं उभं राहतं. तुझं दुसरं अल्पसंख्यपण तसं नाही. ते तुला आईवडिलांकडून मिळालेलं नाही, त्यामुळं ते कसं निभवायचं हे घरात कुणालाच ठाऊक नाही, आणि तुझा पहारा सगळ्यात कडक असतो तो नेमका घराच्या आत. दिवसभरात तुला मोकळी अशी जागाच नाही. रात्री दोन-अडीचला शरीर धडधडत उठतं ते त्यामुळं. धोका आहे असं दिवसभर ऐकलेलं शरीर रात्रीही ते विसरत नाही.

म्हणून माझा क्रम तुझ्यापेक्षा वेगळा आहे. तू विचारतोस, लग्न की सांगणं की पळून जाणं. मी म्हणते आधी झोप, मग रविवार, बाकीचं सावकाश. न झोपलेल्या माणसानं आयुष्याचे निर्णय घेऊ नयेत.

झोपेसाठी घेतलेली दारू सुरुवातीला डोळा लावते आणि उत्तररात्री झोप मोडते. तुला दोन-अडीचला जाग येते त्यात तिचाही हात असणार. थोडी घेत असशील तर बंद कर. रोज बरीच घेत असशील तर एकदम तोडू नकोस, डॉक्टरांना विचारून कमी कर, कारण एकाएकी सोडण्याचाही त्रास होतो. धडधड सुरू झाली की उठून बस, पाय जमिनीला टेकव आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव, काही मिनिटं. ईसीजी नॉर्मल आहे, म्हणजे हे भीतीचे झटके असू शकतात. ते चढतात तसे उतरतात. रात्रपाळी असेल तर चहा शेवटच्या काही तासांत नको. आणि हे आठवड्या-दोन आठवड्यांत सुधारलं नाही तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट.

कुठं भेटायचं, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. तू म्हणतोस गावातले निम्मे लोक बेळगावच्या दवाखान्यांतच कामाला आहेत, केसपेपर काढणाराच मामाचा मेव्हणा निघायचा. हे मला पटतं. डॉक्टरांनी गुपित राखणं हा तुझा कायद्यानं दिलेला हक्क आहे, २०१७ च्या त्याच कायद्यात तो आहे, आणि लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करायचा नाही हेही त्यात लिहिलेलं आहे. तरी ओळखीच्यांची भीती वाटत असेल तर बेळगावाबाहेर तीन वाटा आहेत. धारवाडची सरकारी मनोरुग्ण संस्था, डिमहान्स, एसटीनं दीड-दोन तासांवर. तिथं बोलणं जास्त करून कन्नडमधून होईल. मराठीत मोकळं व्हायचं असेल तर कोल्हापूर, किंवा चोर्ला घाट उतरून गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. मनातलं बोलायला आपलीच भाषा लागते, त्यासाठी एक सुट्टी आणि बसचं भाडं गेलं तरी चालेल असं माझं मत आहे.

आणि जाण्याआधी फोनवरच विचार: "समलिंगी असणं तुम्ही आजार मानता का?" 'नाही' असं सरळ उत्तर आलं तर जा. "इंजेक्शननं ठीक होईल", "शॉक देऊ", "लग्न लावून टाका, सुधारेल" असं काही ऐकू आलं तर तिथं पाऊलही टाकू नकोस. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ मध्ये असल्या 'बदलून देण्याच्या' उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. उद्या घरच्यांनी अंगारा-उतारा करणाऱ्याकडे न्यायचं काढलं तर त्यांच्यावर चिडू नकोस, भीतीपोटी करतात. पण मारहाण, उपास, डांबून ठेवणं असं काही सुरू झालं तर मात्र तिथून बाहेर पडायचं आणि ११२ ला फोन करायचा.

आता रविवार.

तू धरून चाललायस की लग्नाला नाही म्हणायचं म्हणजे घरी सगळं सांगावं लागणार, आणि सांगायची हिंमत नाही म्हणजे लग्न करावं लागणार. या दोन गोष्टी मुळात एकमेकींना बांधलेल्या नाहीत. लग्नाला नकार तुला आत्ता द्यावा लागेल. तू कोण आहेस हे सांगायला तुझ्याकडे अख्खं आयुष्य आहे, आणि कधीच सांगितलं नाहीस तरी तो तुझा अधिकार आहे. दोन्ही ओझी एकाच दिवशी उचलू नकोस.

मुलगी बघायला जाऊ नकोस. आईच्या म्हणण्याप्रमाणे बघायला पैसे पडत नसतील, पण पोहे खाऊन नाही म्हणालास तर त्याची किंमत ती मुलगी मोजते. "बेळगावचं स्थळ येऊन गेलं, नापसंत केली" हे तिच्या गावात किती दिवस चघळलं जातं हे तुलाही माहीत आहे. शिवाय तुझ्या घरात एकदा गाडी ठरली, मामाला निरोप गेला, की मागं फिरणं तुला दर दिवशी अवघड होत जाईल. म्हणून आजच. वडिलांशी नको, आधी आईशी, स्वयंपाकघरात ती एकटी असताना. "आई, रविवारी पाहुण्यांकडे जायचं नाही. मी लग्नाला तयार नाही. मला झोप लागत नाही, छातीत धडधडतंय, मी डॉक्टरकडे जाणार आहे. तब्येत ठीक होईपर्यंत माझ्यासमोर लग्नाचा विषय काढू नका." यात एक शब्द खोटा नाही आणि एक शब्द जास्तीचा नाही. ती रडेल. "लोकांना काय सांगू?" म्हणेल. तिला म्हणायचं, पोराची तब्येत बरी नाही असं सांग. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच वाक्य. वाद घालायचा नाही, नवीन कारण जोडायचं नाही. प्रत्येक नव्या कारणावर तोडगा काढायला घरचे बसलेलेच असतात. "पगार वाढू दे" म्हणालास तर पगार वाढेल, "घर बांधू" म्हणालास तर घर होईल, आणि पुढच्या माघात तू पुन्हा इथंच उभा असशील.

काही दिवसांनी "आत्ता तयार नाही" वरून "मला लग्नच करायचं नाही" इथवर यावं लागेल. तेव्हाही कारण द्यायलाच हवं असं नाही. आपल्या गावागावांत लग्न न केलेले काका आहेत, शेती बघतात, भजनात बसतात. लोक चार दिवस बोलतात आणि मग दुसरा विषय मिळतो.

घरी सांगावं का, याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर माझ्याकडे नाही. शहरातली मुलं सोशल मीडियावर लिहून मोकळी होतात, ते बघून तुला आपण भित्रे वाटतो असं लिहिलंयस. भित्रा नाहीस. ज्या घरात राहायचं, ज्याच्या नावावर शेत आहे, ज्यांचा राग कुठवर जाईल याचा अंदाज नाही, तिथं जपून बोलणं हा शहाणपणा आहे. मी एवढंच म्हणेन की सांगणं म्हणजे सगळ्यांना सांगणं नव्हे. एक माणूस पुरतो सुरुवातीला. तुझ्या पत्रात गडहिंग्लजच्या बहिणीचा उल्लेख प्रेमानं आलाय. तिचा अंदाज घे. एखाद्या दिवशी बातमीच्या निमित्तानं बोलून बघ: सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ मधून दोन सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध गुन्ह्याबाहेर काढले, तुला काय वाटतं ताई? तोंड वाकडं केलं तर विषय तिथंच सोड. "त्यांचंही आयुष्य आहे की" म्हणाली तर आणखी थोडं. सणासुदीत सांगू नकोस, भांडणात तर नकोच. सांगायच्या आधी थोडे पैसे स्वतःच्या खात्यात, आधार आणि मार्कशीट स्वतःजवळ, आणि काही बिनसलं तर दोन रात्री राहायला एक घर, एवढी तयारी ठेव. ती एकदम मिठी मारेल अशी अपेक्षा नको. तुला स्वतःला हे पचायला आठवीपासूनची वर्षं लागली, तिला निदान काही महिने दे.

सौंदत्तीबद्दल तू जे लिहिलंयस ते वाचून मला थांबावं लागलं. या भागात वाढलेल्या मुलासमोर 'वेगळा' पुरुष म्हटलं की एकच चित्र असतं: यल्लम्माचा जग, म्हणजे देवीच्या मूर्तीची परडी, डोक्यावर घेतलेला, साडी नेसलेला जोगता, देवीला वाहिलेला पुरुष. त्यामुळं घरी कळलं तर "ह्याला देवी लागली" म्हणतील आणि आपल्याला त्या वाटेनं जावं लागेल, ही तुझी जुनी भीती. ती वाट तुझी नाही, कारण तू स्वतःला पुरुष समजतोस आणि तुला पुरुष आवडतात. आपण बाई आहोत की पुरुष की आणखी काही हा एक प्रश्न, आपल्याला कोण आवडतं हा दुसरा. गावाला हा फरक माहीत नसतो, तुला माहीत असला की पुरे.

पण "मी तसला घाणेरडा नाही" हे वाक्य पत्रात दोनदा आलंय. त्याच्याकडे जरा बघ. जोगत्यांना, तृतीयपंथीयांना तुच्छ लेखून स्वतःला सुटका मिळत नाही. लहानपणी ज्यानं तुझ्यावर ते वाक्य फेकलं त्याचीच नजर तू उसनी घेतोस, आणि तीच नजर रात्री तुझ्यावरही रोखलेली असते. जोगती नृत्य करणाऱ्या तृतीयपंथी कलावंत मंजम्मा जोगती कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. परंपरेतल्या शोषणाबद्दल बोलायला हवंच, तरी त्या वाटेवरची माणसं घाणेरडी नाहीत. त्यांच्याकडे माणूस म्हणून बघायला लागलास की स्वतःकडेही बघणं सोपं जाईल.

बंगळूरला न सांगता निघून जाण्याबद्दल माझं मन कच्चं आहे. शहरात मोकळीक आहे, तिथं तुझ्यासारखे लोक भेटतील, हे खरं. पण रात्रीतून पळालेला पोरगा पहिले सहा महिने खोलीभाडं आणि अपराधीपणा या दोन्हींत पिचतो, आणि इकडे आई पोलिसात तक्रार द्यायला धावते. तुझ्या हातात कला आहे. सीएनसीवर काम येणाऱ्याला कोल्हापूरजवळ शिरोलीत, गोकुळ शिरगावला काम मिळू शकतं, पुण्याकडे चाकण-भोसरीत मिळतं. नोकरी बदलली म्हणून सांगून, पेटी घेऊन, आईच्या पाया पडून जाता येतं. कोल्हापूरहून महिन्यातून एखाद्या रविवारी घरी येता येतं. स्वतःची एक खोली, जिचं दार आतून लागतं आणि जिच्यात कसं चालायचं हे ठरवावं लागत नाही, ही तुझ्या तब्येतीसाठी गोळ्यांइतकीच गरजेची गोष्ट आहे असं मला वाटतं. पुण्यामुंबईला गेलास तर मराठीत बोलणारे आधारगटही आहेत. मुंबईचा हमसफर ट्रस्ट १९९४ पासून हे काम करत आलाय, आणि पुण्यात समपथिक ट्रस्टनं ते २००२ मध्ये सुरू केलं. आपल्यासारखा दुसरा माणूस समोर बसून चहा पितोय, हसतोय, हप्ते भरतोय, हे एकदा डोळ्यांनी बघणं फार मोठं असतं. "म्हातारपणी तुझं कोण बघणार?" असं पुढंमागं आई विचारेलच. दोन पुरुषांच्या लग्नाला आपल्याकडे कायद्याची मान्यता नाही, ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयानं ती दिली नाही. पण दोघांनी एकत्र राहण्यावर बंदी नाही.

डेटिंग अॅपबद्दल थोडक्यात, कारण तू विचारलं नाहीस तरी बरेच वाचक विचारतात. चेहरा दिसेल असे खासगी फोटो पाठवू नका. पहिली भेट चहाच्या टपरीवर, उजेडात, कुणाच्या खोलीवर नाही. खोट्या नावानं बोलावून, फोटो काढून, "गावात दाखवतो" म्हणत पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत. पहिला हप्ता दिला की ते थांबत नाहीत. पैसे न देता मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवा, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर तक्रार करा. सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत. खंडणी मागणं हा गुन्हा आहे.

हे सदर वाचणाऱ्या मुलींसाठीही लिहायला हवं, कारण त्यांची पत्रं कमी येतात आणि त्यांची कोंडी जास्त असते. या तरुणाकडे बाईक आहे, पगार आहे, "मला नको" म्हणायला थोडीफार जागा आहे. डिग्री झाली की महिन्याभरात बघण्याचा कार्यक्रम लागणाऱ्या, मैत्रिणीवर जीव असलेल्या मुलीला तेवढीही नसते. तिनं शिक्षण लांबवावं. बीएड, नर्सिंग, स्पर्धा परीक्षा, होस्टेल मिळेल असं काहीही. ती पळवाट वाटली तरी चालेल; स्वतःचं उत्पन्न सुरू होईपर्यंतचा वेळ तिनं अशानंच मिळवायचा आहे. जबरदस्तीनं लग्न लावत असतील तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. आणि ज्यांचं लग्न आधीच होऊन गेलंय, अशा स्त्री-पुरुषांनी स्वतःला गुन्हेगार ठरवत बसू नये. समुपदेशकाशी बोला, मग जोडीदाराशी खरं बोलायची तयारी करा. त्यातून काय निघेल ते प्रत्येक घरात वेगळं असतं.

पत्राच्या अगदी शेवटी, तुझ्या सहीखाली, एक छोटा प्रश्न आहे: पुढच्या महिन्यात गडहिंग्लजला भाच्याचं जावळ आहे, सगळे पाहुणे "तुझं कधी?" विचारणार, जाऊ की नको? जा. मामाच्या मांडीवर जावळ काढतात, तो मान तुझा आहे, तो पाहुण्यांच्या तोंडांमुळं सोडायचा नाही. आदल्या रात्रीच पोच, पंगतीत वाढायला उभा राहा, म्हणजे कुणी कोपऱ्यात घेऊन बसवणार नाही. "तुझं कधी?" ला "बघू की, आधी जेवा" एवढंच उत्तर. जेवणं आटोपली आणि जीव घुसमटायला लागला तर दुपारच्या पाळीचं कारण सांगून निघ, बहिणीला तेवढं आधी सांगून ठेव.